चार दारांचं वेल्डिंग

अमेरिकेत शर्यतीच्या गाड्यांची दारं वेल्डिंग मारून बंद करतात, हे मला कळलं नसतं तर एका माणसाचं काम गेलं नसतं. कळलं ते रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकातून. परभणीत मामांचं गॅरेज होतं. बी.कॉम.ला दोनदा आपटलेला मी तिथं मेकॅनिक कमी आणि वाचक जास्त होतो.

डिक्शनरी मांडीवर घेऊन मी स्टॉक कारचा इतिहास वाचला. साध्या रस्त्यावरच्या गाड्या गोल ट्रॅकवर पळवायच्या. सुरुवात म्हणे चोरट्या दारूनं झाली. पोलिसांना चुकवायला इंजिनं तगडी केली आणि मग त्याच ड्रायव्हरांनी आपसात शर्यती लावल्या. पुढं कंपन्याच अशी राक्षसी इंजिनं बसवून 'मसल कार' विकायला लागल्या. हे सगळं मी आमच्या वेल्डरला ऐकवायचो. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, मी त्यांना दादा म्हणायचो. वेल्डिंगचा होल्डर धरायलाही त्यांनीच शिकवलं.

"भाचे, दारू न्यायला येवढी गाडी? आपल्याकडं दारू भरलेली ट्यूब सायकलीवर टाकली की भागतंय."

"दादा, तुमाला स्पीड कळत न्हाई."

"पत्रा कळतोय, लय झालं."

मामांकडं निजामाच्या काळातली एक लांबलचक अमेरिकन गाडी होती, आठ सिलिंडरची. लग्नसराईत ती नवरदेवासाठी भाड्यानं जायची. माझ्या डोळ्यांना मात्र ती मसल कार दिसायची. शर्यत लावायची कुणाशी, हा प्रश्न मला पडला नव्हता. पिंगळीच्या रस्त्यावर होते ते उसाचे ट्रॅक्टर.

एका दुपारी सगळे जेवायला गेले आणि मी चारही दारं बंद केली. बाहेरून, वेल्डिंगच्या आडव्या टाक्यांनी. कुठं पत्र्याला भोकं पडली, कुठं गोचिडासारखे गोळे लटकले, मागच्या सीटचं कव्हर जळालं. मग रेसरसारखा खिडकीतून आत शिरलो आणि कमरेत अडकलो. सुटलो तेव्हा पँट फाटलेली होती. गाडी तर चालूच झाली नाही. बॅटरी मीच सकाळी दुसऱ्या गाडीला लावली होती.

मामा आले आणि पाठोपाठ पोखर्णीचं वऱ्हाड. टाके तोडत बसायला वेळ नव्हता. बॅटरी बसवली, नवरदेवाला दोघांनी आडवा उचलला आणि बाशिंगासकट खिडकीतून आत सरकवला.

"नवरदेव पळवून न्यायलेत का काय!" वऱ्हाडातलं कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मीही हसलो, हे आज जास्त लागतं.

वऱ्हाड गेल्यावर मामांनी विचारलं, "कुणी केलं हे?"

गॅरेजात होल्डर धरता येणारे दोघंच, दादा आणि मी. दादांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मी पाना पुसत होतो. चांगला स्वच्छ पाना.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीचे दिवस. दादा मोर्चाला जात, आणि ते मामांना आधीपासून खुपत होतं. मामा त्यांनाच म्हणाले, "मोर्चात ध्यान असल्यावर असंच व्हायचं. उद्यापासून येऊ नको."

दादांनी आपली वेल्डिंगची काळी काच उचलली आणि गेले. त्या गोळ्यांवरून मामांनी नंतर बोट फिरवलं, माझ्याकडं पाहिलं आणि हात धुवायला गेले. चाळीस वर्षं पत्र्यात काढलेला माणूस. त्यांना कळलं नसेल असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत राहिलो.

नामांतर झालं त्या वर्षी मी दादांकडं गेलो. जिंतूर रोडला त्यांचं खिडक्यांच्या ग्रिलचं दुकान होतं. मामा वारले होते, गॅरेज माझं झालं होतं. वाटेत दोनदा स्कूटर माघारी वळवली.

"दादा, ती दारं मी जोडली होती."

"ठाव हाय. असले गोळे मी टाकीन का?" त्यांनी काच वर केली. "काम काय, दुसरं मिळालं. पण तसली जोडणी माझ्या नावावर गेली, भाचे. लोक विचारायचे, दारं जोडणारा तूच का?"

"माफ करा."

"मला काय सांगायलास? मला तर ठावच होतं. चारचौघांत सांग."

मी हो म्हणालो, चहा प्यायलो आणि परत आलो. गॅरेजात चारचौघं रोज असतात. रोज मी दुसरंच काहीतरी बोलतो. समोर कुणी नसलं की मला धीर येतो, म्हणून लिहितोय. ते वेल्डिंग माझं होतं. अतिशय वाईट होतं. दादांचा टाका सरळ असतो; ज्यांना शंका असेल त्यांनी जिंतूर रोडवरची कुठलीही खिडकी बघावी.