पुण्याची जागा

तीन वर्षांपूर्वी, ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, संध्याकाळी पाच वाजता माझ्या धाकट्या बहिणीची पुण्यातल्या एका महाविद्यालयातली पूर्णवेळ एमबीएची जागा गेली. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या दुसऱ्या फेरीत ती तिला मिळाली होती. जागा स्वीकारत असल्याचं वेबसाइटवर पाचच्या आत नोंदवायचं होतं. तिने ते नोंदवलं नाही. त्या वेळी ती अकोल्यात, एमआयडीसीतल्या डाळ मिलच्या ऑफिसात होती. मी अमरावतीत, वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते.

ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. बी.कॉम.नंतर ती त्याच मिलमध्ये लागली होती आणि पाच वर्षं डिस्पॅच पाहत होती. कोणत्या ट्रकमध्ये कोणता माल, किती पोती, कोणत्या गावाला. तिला परचेसला जायचं होतं. परचेस म्हणजे तुरीची खरेदी. दाणा दाताखाली फोडून ओल सांगायची आणि बाजार समितीत भाव ठरवायचा. डाळ मिलमध्ये शेठनंतर वजन असतं ते त्या माणसाला. शेठने तिला सांगितलं होतं, एमबीए करून ये, परचेस तुझ्याकडे देतो. हे त्याने दोन वेळा, लोकांसमोर सांगितलं होतं. तिने नोकरी सांभाळून सीईटी दिली. वडिलांची अट होती की काय ते याच वर्षी. पुढच्या वर्षी तिच्यासाठी पाहुणे बोलवायचे.

वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. आदल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात गेला. आई त्याच्या दोन वर्षं आधीच गेली होती. वडिलांच्या गोळ्या, हाताचा व्यायाम, आंघोळ, सगळं बहीण करायची. मी महिन्यातून एका रविवारी अकोल्याला जायचे, दुपारचं जेवून परत यायचे.

आमच्या आवृत्तीत प्रवेशाच्या हंगामात शैक्षणिक पुरवणी निघायची. पानं जाहिरात विभाग विकायचा, मजकूर डेस्कवरचं कोणीतरी लिहायचं. त्या वर्षी ते काम माझ्याकडे होतं. जुलैमध्ये मी एक पान लिहिलं: ‘एमबीए कोणतं? आधी समजून घ्या’. ते पान अमरावतीतल्या एका खासगी संस्थेने घेतलं होतं. ही संस्था शनिवार-रविवार वर्ग घेऊन एका वर्षात एक्झिक्युटिव्ह एमबीए द्यायची.

पानाच्या मध्यभागी एक तक्ता होता. विद्यापीठाचं दोन वर्षांचं एमबीए, स्वायत्त संस्थेचं पीजीडीएम, दूरशिक्षणाचं एमबीए आणि नोकरी करणाऱ्यांसाठी एक्झिक्युटिव्ह. प्रत्येकासमोर कालावधी, कोणासाठी, फायदा आणि शेवटी मान्यता. एक्झिक्युटिव्हसमोर शेवटच्या रकान्यात मी लिहिलं होतं: ‘संस्थेचे प्रमाणपत्र. विद्यापीठाची पदवी नाही. मान्यतेची खात्री करून घ्यावी.’

पान छपाईला सोडायच्या आधी जाहिरात विभागातला सहकारी टेबलाशी आला.

“ताई, क्लायंट म्हणते हा शेवटचा कॉलम काढा.”

“का?”

“काहून ते तुमाले समजतेच. जागा कमी पडली म्हणा ना.”

“मग बाकीच्या तिघांचीही मान्यता जाईल.”

“जाऊ द्या ना. त्याईनं कुठं पान घेतलं?”

मी रकाना काढला. उरलेले तीन रकाने रुंद केले आणि टाइप थोडा मोठा केला. पान वाचायला आधीपेक्षा सोपं झालं. एक्झिक्युटिव्हसमोर ‘अनुभवी उमेदवारांसाठी सर्वाधिक उपयुक्त’ हे वाक्य राहिलं. ते माझंच होतं. पानाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत ‘जाहिरात पुरवणी’ असं छापलेलं होतं, तसं ते नेहमीच असायचं.

बहिणीने ते पान कापून ठेवलं. माझं नाव असो-नसो, मी लिहिलेलं ती आणि वडील कापून फाइलला लावायचे; कोणतं पान माझं हे मी त्यांना फोनवर सांगायचे. या वेळीही सांगितलं होतं. तिने चौकटीच्या रेषेवरून कात्री चालवली. माथ्यावरची पट्टी रद्दीत गेली.

पुण्याची जागा लागल्याचं कळलं त्या शनिवारी तिचा फोन आला. आधी ती फक्त हसली. मग म्हणाली, “लागलं वं ताई. पुणं लागलं.” रविवारी पुन्हा फोन आला, तेव्हा आवाज वेगळा होता.

“ताई, तुह्यं ते पान घेऊन बसली आहे. दोन वर्षं पुण्याले जाण्यापेक्षा हे एक वर्षाचं बरं नाही का? नोकरी सुटत नाही, बाबा सुटत नाही. शनिवारी बसनं आली का तुह्याकडंच मुक्काम.”

“सगळ्याचे आपापले फायदे असतात,” मी म्हणाले.

“हे तूच लिवलं ना?”

“हो.”

“मंग झालं.”

सोमवारी मी अकोल्याला गेले. भातकुलीहून मामा आले होते. आमच्याकडे शिक्षणाचा निर्णय मामांशिवाय होत नाही. मामा शिक्षक होते, आईच्या माहेरचे पहिले पदवीधर. त्यांनी ते कात्रण चष्मा लावून सगळं वाचलं.

“पीजीडीएम काय असते?”

“पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा,” बहीण म्हणाली.

“डिप्लोमा? बी.कॉम. झालेल्या पोरीनं डिप्लोमा करावं? आयटीआयच करून घे मंग, पंखे दुरुस्त करजो.”

बाबा हसले. झटक्यानंतर त्यांचं हसू एकाच बाजूने यायचं.

“तो मी धरलाच नाही, मामा. पुणं नाही तर अमरावती, एवढंच आहे.”

“पुण्याले गेली तर बापाले कोण पाहीन?”

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मामांनीही पाहिलं. आमची अमरावतीतली जागा दोन खोल्यांची होती. शनिवारी रात्री जेवताना माझ्या नवऱ्याने विचारलं होतं, ती पुण्याला गेली तर बाबा आपल्याकडे येतील का. मी पाणी आणायला उठले होते. त्याने भात वाढून घेतला आणि विषय सोडला.

“तू पेपरात आहे,” मामा मला म्हणाले. “सतरा कॉलेजवाले तुह्या टेबलाशी येत असतीन. तू सांग. हे अमरावतीचं पक्कं आहे का?”

“पानात दिलंय ते सगळं बरोबर आहे,” मी म्हणाले.

हे खरं होतं. पानात दिलेलं एकही वाक्य चूक नव्हतं.

“मंग पुण्याचं खूळ कायले पाह्यजे?” मामा तिला म्हणाले. “तठी जाऊन तू काय वेगळं शिकणार आहे? तेच पुस्तक, तेच मास्तर. तिथल्या पोट्ट्या तुह्यं बोलणं ऐकून हासतीन, ते वेगळं.”

“हासू दे ना. म्या बी हासीन त्याईले.”

“सध्या तर आमीच हासून राहिलो,” मामा म्हणाले, आणि बाबा पुन्हा हसले.

तिने जेवणं वाढली. बाबांना पोळी कुस्करून दिली. निघताना बसस्टँडपर्यंत स्कूटीवर सोडायला आली. बस लागली होती. मी चढले तेव्हा ती खाली उभी राहून म्हणाली, “तू माह्या जागी असती तं काय केलं असतं?” कंडक्टरने बेल दिली. मी हात हलवला.

मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन आला. मी पहिल्या पानाच्या बातम्या लावत होते.

“ताई, मिलच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करून बसली आहे. एक बटण दाबायचं आहे. शेवटचं विचारून राहिली. काय करू?”

“तुझा निर्णय आहे.”

“ते मले माईत आहे. तुह्यं मत सांग.”

“माझं मत कशाला? तू मोठी आहेस.”

मागे मिलच्या चाळण्यांचा आवाज येत होता.

“मंग राहू दे,” ती म्हणाली.

पाच वाजता मी घड्याळ पाहिलं. फोन करायला मधे पन्नास मिनिटं होती आणि मी फोन केला नाही.

अमरावतीचे वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू झाले. टायरच्या दुकानावर दोन खोल्या, बावीस विद्यार्थी. त्यात विम्याचे एजंट, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, धामणगाव रेल्वे गावचा एक कापूस व्यापारी. शिकवणारे स्लाइड वाचून दाखवत. एका शनिवारी परदेशातल्या विमान कंपनीची केस स्टडी चालू होती. बहिणीने विचारलं की तुरीचा भाव महिन्यात दोनदा पडला तर साठा धरायचा का सोडायचा, हे यावरून कसं काढायचं. सर म्हणाले, “मॅडम, जरा डाळीच्या बाहेर या. ग्लोबल विचार करा.” वर्ग हसला. संध्याकाळी तिने हे मला सांगितलं आणि स्वतःही हसली. मग तिने वहीत त्या दिवसाचं सगळं नीट उतरवून घेतलं. वर्षभरात तिने एकही वर्ग बुडवला नाही. जून महिन्यात एकदा शुक्रवारी रात्री बस बडनेऱ्याला बंद पडली, तेव्हा ती ऑटोने आली.

ती शुक्रवारी रात्री मुक्कामाला यायची. त्या दोन दिवसांत बाबांना शेजारच्या, विहारातल्या ओळखीच्या मावशी पाहायच्या. मी अकोल्याला जाणं जवळपास बंद केलं. बहीणच दर आठवड्याला भेटत होती.

पदवीदान म्हणून जो कार्यक्रम झाला तो मंगल कार्यालयात झाला. काळे झगे भाड्याने आणले होते. पंखे पुरत नव्हते. बाबांना गाडी करून आणलं. तिचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी उजवा तळहात मांडीवर आपटून टाळी वाजवली. आमच्या वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी फोटो आला. फोटोखालची ओळ मी लिहिली. ‘पदवी’ हा शब्द मी वापरला नाही. ‘प्रमाणपत्र वितरण’ असं लिहिलं. ते बहिणीच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी ती प्रमाणपत्र फाइलमध्ये घालून शेठकडे गेली. शेठने ते नवीन मॅनेजरकडे दिलं. मॅनेजर नागपूरहून आलेला, चाळिशीचा माणूस. ऑफिसात तेव्हा सात-आठ जण होते. त्याने कागद उलटून मागची बाजू पाहिली.

“युनिव्हर्सिटी कोणती, मॅडम?”

“इन्स्टिट्यूटचं आहे, सर. एक्झिक्युटिव्ह एमबीए.”

“हे क्लासचं सर्टिफिकेट आहे. टायपिंगच्या सर्टिफिकेटवरही सरकारचा शिक्का असतो. यावर काय आहे?” त्याने कागद इतरांना दिसेल असा धरला. “सोनेरी रिबन आहे.”

शेठ हसला नाही. तो म्हणाला, “बेटा, मेहनत केली तू. आपल्याकडं डिस्पॅच आहेच.”

दोन महिन्यांनी परचेसला शेठच्या साडूचा मुलगा आला. पुण्यात पूर्णवेळ एमबीए केलेला. तुरीची ओल कशी पाहायची हे त्याला दाखवायला शेठने बहिणीला सांगितलं. तिने महिनाभर रोज सकाळी अर्धा तास त्याला दाखवलं.

त्या महिन्यात तिने संस्थेला फोन केला. संचालक म्हणाले, “आम्ही कुठंच पदवी म्हटलेलं नाही. पेपर काढून वाचा.” तिने कात्रण काढून वाचलं. तिथे मान्यतेबद्दल काहीच नव्हतं. मग एका दुपारी अर्धी सुटी टाकून ती आमच्या वर्तमानपत्राच्या अकोल्याच्या कार्यालयात गेली आणि ते पान आलं त्या दिवशीचा अंक मागितला. तिथल्या शिपायाने फाइल काढून दिली. तिने पूर्ण पान पाहिलं. पंधरा मिनिटांनी मला फोन आला.

“ताई, त्या पानावर वरतं काय लिवलं होतं?”

“जाहिरात पुरवणी.”

“तुले माईत होतं?”

“हो.”

“अन् हे असं क्लासचं निघीन, ते बी माईत होतं?”

“हो. मी लिहिलं होतं. काढायला लावलं.”

“मंगळवारी बी माईत होतं? म्या लॉगिन करून बसली होती तवा?”

“हो.”

तिकडे कोणीतरी फाइल बंद केल्याचा आवाज आला.

“मामापुढं एक शब्द बोलली असती तं?”

मी टेबलावरच्या अंकाची घडी घातली.

“बाबा तुह्याकडं आले असते,” ती म्हणाली. तिने हे विचारलं नाही, सांगितलं. “बरं. त्याईची रक्ताची गोळी अकोल्यात भेटून नाही राहिली. अमरावतीत पाह्य. कुरियरनं पाठवजो. येऊ नको.”

मी गोळ्या कुरियरने पाठवल्या. पोचल्याचा संदेश कुरियर कंपनीकडून आला. त्यानंतर मी तिला बारा वेळा फोन केला, तिने उचलला नाही. पुन्हा सीईटी दे, बाबांना मी आणते, असा संदेशही टाकला. तिने तो वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. सीईटीचा अर्ज भरण्याची मुदत त्या वर्षी संपली आणि पुढच्या वर्षीही. मावशींनी सांगितलं की तिने अर्ज भरला नाही आणि पाहुण्यांनाही दोनदा नाही म्हटलं. बाबा अजून तिच्याकडेच असतात.

गेल्या सोमवारी सकाळी नऊ वीसला ती मिलच्या गेटमधून आत गेली आणि डिस्पॅचच्या टेबलावर बसली. हे मला, मी विचारलं तेव्हा, मिलच्या वॉचमनने फोनवर सांगितलं.