सरांनी वाचलेला माझा निबंध

खांबेटे सर गेल्याची बातमी विनायक ढोबळेने आणली. सौंसरच्या शाळेत मी सातवीच्या वर्गावर होते. दाराशी विनायक दिसला तेव्हाच काहीतरी घडलंय हे कळलं, कारण आम्ही दोघांनी एकाच वेळी सरांकडे संशोधन सुरू केलं असलं तरी गेल्या चार वर्षांत तो माझ्याकडे कधी फिरकला नव्हता. मी बाहेर आले. तो म्हणाला, “सुमनताई, सर गेले... परवा. हार्ट अटॅक आला. मले बी आज सकाळीच कळलं.” मी “बरं” म्हणाले.  विनायक थोडा वेळ घुटमळला, मग म्हणाला, “तुम्ही लिहा न सरांवर. पेपरच्या पुरवणीवाले मागून राहिले. सरांचं काम तुमच्याइतकं कोणाले माहीत हाय?” मी वळले. वर्गात जाऊन राहिलेला धडा पुरा केला. रडू आलं ते तिसऱ्या दिवशी, बाजारात वांगी निवडताना, आणि मग माझा मलाच राग आला. ज्या माणसाशी मी इतकी वर्षं मनात भांडत होते त्याच्यासाठी भर बाजारात डोळे पुसायची वेळ यावी...

ब्याऐंशी साली मी एम.ए. झाले. आमच्या घरातली पहिलीच. बाबा नगरपालिकेत नोकरीला, माय लोकांच्या वावरात तण निंदायला जायची. पुढे शिकायचं तर कोणाकडे जायचं, कसं विचारायचं, हे आमच्या वस्तीत सांगणारं कोणी नव्हतं. पांढुर्ण्याच्या कॉलेजात पुण्याकडचे एक सर आलेत, ते पीएच.डी.ला मुलं घेतात, एवढंच कानावर आलं होतं. मी बसने पांढुर्ण्याला गेले. स्टेशनजवळ त्यांचं भाड्याचं घर होतं. घरून पाठ करून नेलेल्या पुस्तकी मराठीत मी माझी ओळख करून दिली. सरांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, “घरी असंच बोलता?” मी म्हटलं, नाही. “मग घरचं बोला. मला ते ऐकायचंय.” माझे कान तापले. कॉलेजात असताना मी ‘येऊन राहिली’ म्हटलं की मागच्या बाकावरून हसू यायचं. ती बोली गिळून गिळूनच मी एम.ए. झाले होते. आणि इथे एक प्राध्यापक समोर वही न घेता, नुसते कान देऊन बसले होते. त्या दिवशी मी त्यांच्याशी माझ्या भाषेत तासभर बोलले. निघताना ते म्हणाले, “तुमचा विषय तुम्ही आत्ता तासभर बोललात. आता तो लिहायचा आहे.”

दर रविवारी त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही पाच जण जमायचो. सर आम्हाला विद्यार्थी म्हणत नसत, संशोधक म्हणत, आणि सगळ्यांना अहो-जाहो करत. दर खेपेला कोणीतरी लिहिलेलं वाचायचं आणि बाकीच्यांनी बोलायचं. सगळ्यात नवीन असेल त्याने आधी बोलायचं, म्हणजे जुन्यांचं ऐकून त्याचं मत बदलायला नको. आधी काय पटलं ते सांगायचं, मग काय पटलं नाही ते, आणि आक्षेप पोटात ठेवून घरी जायचं नाही. परिसंवादात कसं बोलायचं याची तालीम सर घ्यायचे. स्वतः मागच्या खुर्चीवर एखाद्या चिडखोर म्हाताऱ्या विद्वानासारखे बसून ते इतके वाकडे प्रश्न विचारायचे की विनायकला घाम फुटायचा. मग हसत उठायचे आणि स्वतः चहा करून आणायचे. काकू मागच्या खोलीतून सांगायच्या, “अहो, साखर दोनदा टाकू नका.” नागपूरच्या ग्रंथालयात त्यांनी आम्हाला नेलं, जुनी नियतकालिकं कशी चाळायची ते शिकवलं. कोणी मोठा अभ्यासक भेटला की ते आमची नावानिशी ओळख करून देत. “या सुमन गजभिये. सौंसरच्या बोलीवर काम करतात.” माझं नाव असं पूर्ण, आडनावासकट, कोणी इतक्या सहज घेतलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

बाबांना मात्र खात्री वाटत नव्हती. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, “ते तुले बरोबरीनं बसू देतेत का वं तिथं?” मी म्हटलं, “खुर्चीवर बसते, बाबा. चहा सर सोता आणून देतात.” बाबांनी घास हातात तसाच धरला. मग म्हणाले, “बरं हाय. तरी पण सांभाळून राहा.” मला तेव्हा त्यांचा राग आला. जग बदललंय आणि बाबांना ते दिसत नाही, असं मी मायजवळ बोलले. बाबांशी मी सरांच्या बाजूने किती वेळा भांडले असेन...

माझं काम ‘करून राहिलो’वर होतं. सगळीकडे ‘करतो आहे’ म्हणतात, आमच्याकडे ‘करून राहिलो’ म्हणतात, एवढं कोणीही सांगेल. मला पुढचं हवं होतं आणि ते सापडत नव्हतं. एक दिवस शेजारच्या बाईने मायला माझ्या मामाबद्दल विचारलं. माय भाकरी थापता थापता म्हणाली, “तो आता पांढुर्ण्यालेच राहून राहिला.” मी हातातलं काम टाकून उभी राहिले. राहून राहिला! म्हणजे यातल्या दुसऱ्या ‘राहिला’त मुक्कामाचा अर्थ उरलेलाच नाही, तो आता नुसतं काळ दाखवायचं काम करतो. नाहीतर माणूस तोच शब्द लागोपाठ दोनदा कशाला म्हणेल? रविवारी मी हे बैठकीत सांगितलं. सर खुर्चीतून उठले. खोलीत इकडून तिकडे दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “हे कुठल्या पुस्तकात नाही. हे तुमचं आहे, गजभिये. हे लिहून काढा.”

मी लिहून काढलं. सहा वेळा लिहिलं. दर वेळी सरांनी ते वाचलं आणि दर वेळी ते सुधारलं. त्या हिवाळ्यात विद्यापीठात बोलींवरचा मोठा परिसंवाद होता. निबंध पाठवू या का, मी विचारलं. सर म्हणाले, “अजून कच्चा आहे. घाई केली की फजिती होते. पुढच्या वर्षी.” मला वाईट वाटलं, पण शंका आली नाही. कच्चं काम ते कोणाचंच पुढे जाऊ देत नसत. परिसंवाद ऐकायला मात्र मी गेले. सरांना सांगितलं नव्हतं. मोठी माणसं कशी बोलतात ते मला बघायचं होतं. मागच्या रांगेत जागा मिळाली. दुपारच्या सत्रात सरांचं नाव पुकारलं गेलं. ते उभे राहिले आणि वाचू लागले. पहिलं वाक्य ऐकलं तेव्हा वाटलं, आमच्यात बोलणं होतच असतं, एखादं वाक्य सारखं असेल. दुसरं ऐकलं. तिसरं ऐकलं... आणि मग पुढचं वाक्य कोणतं येणार ते मला आधीच कळू लागलं. सर म्हणाले, “सौंसर भागातल्या एका अशिक्षित बाईच्या तोंडून मी एकदा ऐकलं, तो पांढुर्ण्यालेच राहून राहिला.” सभागृह हसलं, मग टाळ्या वाजल्या. अध्यक्ष म्हणाले, या एका वाक्याने विषयाला नवी दिशा दिली.

ती अशिक्षित बाई माझी माय होती. सरांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात मी पांढुर्ण्याला गेले. सर प्रवासाची बॅग रिकामी करत होते. मी दारातूनच म्हटलं, “सर, मी मागच्या रांगेत बसले होते.” त्यांच्या हातातलं धोतर हातातच राहिलं. मग म्हणाले, “बसा आधी.”

“ते माझं होतं, सर.”

“तुमच्या नावाने गेलं असतं तर परत आलं असतं. सौंसरच्या एका मुलीचं कोण ऐकतं? माझ्या तोंडून गेलं म्हणून ते उभं राहिलं. आता तुमच्या प्रबंधाला त्याचा आधार होईल.”

“म्हणजे माझ्याच कामासाठी मी तुमचा आधार द्यायचा?”

 त्यांनी धोतराची नीट घडी घातली, ते बाजूला ठेवलं, आणि मग अगदी हळू, चहा घेणार का असं विचारावं तशा आवाजात म्हणाले, “पीएच.डी. व्हायचंय ना तुम्हाला?”

सरांच्या तोंडी धमकी इतकी सौम्य असेल असं मला वाटलं नव्हतं. ते ओरडले असते तर मीही ओरडले असते. मी गप्प उठून आले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले, कारण आक्षेप पोटात ठेवायचा नाही हे त्याच खोलीत शिकले होते. सगळ्यांसमोर झालं ते सांगितलं. सरांनी मला अडवलं नाही. चौघांनी माझा निबंध सहाही वेळा ऐकला होता. त्यातला ‘म्हणून’ कुठे काढावा आणि ‘पण’ कुठे घालावा यावर त्यांनी वाद घातले होते. मी विनायककडे पाहिलं. तो पोह्यांच्या बशीतले शेंगदाणे बाजूला काढत होता. कोणी एक शब्द बोललं नाही. त्यांचे प्रबंध सरांच्या हातात होते, हे मलाही कळत होतं. तरी वाटत होतं, एक तरी बोलेल... एक तरी. मागच्या खोलीत काकूंच्या भांड्यांचा आवाजही थांबला होता. मग सर म्हणाले, “चला, आज कोण वाचतंय?” आणि विनायकने वही उघडली.

मी त्या घरी परत गेले नाही. दुसरा मार्गदर्शक घ्यायला सरांची संमती लागत होती. ती त्यांनी नाकारली नाही आणि दिलीही नाही. निरोप पाठवला की उत्तर यायचं, बघू. असं बघता बघता दोन वर्षं गेली आणि मी शाळेत लागले. त्यांचा निबंध छापून आला. पुढे ते विद्यापीठात रीडर झाले. विनायक डॉक्टर झाला, त्याच कॉलेजात शिकवू लागला. बाबांना मी सगळं सांगितलं. ‘मी म्हटलं होतं न तुले’ असं म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं. ते उठले आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आले, एवढंच.

सर शेवटचे दिसले ते गेल्या वर्षी, बसमध्ये. मी पांढुर्ण्याच्या एका लग्नाहून परतत होते. बस सुटल्यावर पुढच्या सीटवर ते दिसले आणि मी मान खिडकीकडे वळवली. शनिवार होता, बस जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्यांनी गच्च भरली होती. फाट्यावर सगळे उतरले आणि बस एकदम मोकळी झाली. सरांनी मागे वळून पाहिलं, दांड्याला धरत धरत आले आणि माझ्या शेजारी बसले. फार वाळले होते. कॉलर मानेभोवती सैल झाली होती.  मग त्यांनी विचारलं, “काय करून राहिलात सध्या?”

त्यांना जवळीक दाखवायची होती की चूक कबूल करायची होती, की माझी भाषाही आता त्यांच्या अंगवळणी पडली होती... आजही सांगता येत नाही. मी त्यांच्याच पुण्याच्या मराठीत उत्तर दिलं, “शाळेत शिकवते आहे, सर.”

“लिहिता?”

“नाही.”

सौंसर येईपर्यंत ते बाहेरची संत्र्याची झाडं बघत राहिले. मी उतरायला उठले तेव्हा म्हणाले, “लिहायला हवं होतं.” मी लिहायला हवं होतं की त्यांनी काही लिहायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. मागून लोक ढकलत होते.

गेल्या पंधरवड्यात पांढुर्ण्याच्या कॉलेजात शोकसभा झाली. सरांनी या आडबाजूच्या गावात संशोधनाचं वातावरण तयार केलं, असं एकामागून एक वक्ते म्हणाले. ते खोटं नव्हतं, म्हणूनच तिथे बसवत नव्हतं. सभेनंतर काकूंनी मला हाताला धरून बाजूला नेलं. म्हणाल्या, “तुमचं नाव फार काढायचे हो. गजभियेंसारखी विद्यार्थिनी मला पुन्हा मिळाली नाही म्हणायचे.”

“कुठे म्हणायचे, काकू?”

“कुठे म्हणजे... घरात. जेवताना.”

घरात, जेवताना! मी काकूंचा हात हातात घेतला. त्यांच्यावर कशाला रागवायचं? विनायक दारात उभा होता. “लेखाचं काय ठरवलं?” त्याने विचारलं. “लिहून राहिली,” मी म्हटलं. “मी त्या दिवशी...” तो पुढे काही बोलणार होता, तेवढ्यात कोणीतरी त्याला हार उचलायला हाक मारली आणि तो गेला.

तर हा लेख. सरांनी लावलेली एक सवय अजून सुटलेली नाही. काही लिहून झालं की ते मोठ्याने वाचायचं, आणि ऐकायला कोणीतरी समोर बसवायचं. जिथे आपला आवाज अडखळतो तिथे थांबून बघा, तिथे काहीतरी खरं नसतं, असं ते सांगत. म्हणून काल दुपारी मायला समोर बसवलं आणि पहिल्यापासून वाचलं. ती तूर निवडत ऐकत होती. “अशिक्षित बाई” आलं तेव्हा तिने एकदा वर पाहिलं आणि परत सुपात मान घातली. शेवटाजवळ माझा आवाज अडला. पुन्हा वाचून पाहिलं, पुन्हा तिथेच अडला.

“काय झालं वं?” मायने विचारलं.

“काही नाही. एक वाक्य काढा लागते.”

तिथे लिहिलं होतं, ‘आज माझ्या मनात सरांबद्दल कसलाच राग उरलेला नाही.’ ते मी खोडलं. पुढचं वाचताना आवाज कुठे अडला नाही.