उताऱ्यातले मास्तर

बाळांनो, तुम्ही नाताळच्या सुट्टीत येणार म्हणून तिकिटं काढली, हे तुमच्या बाबांनी फोनवर सांगितलं. नंतर नेहमीसारखं त्यांच्या बाबांबद्दल, म्हणजे तुमच्या आबांबद्दल, विचारलं, "बाबा बरे आहेत ना?" मी नेहमीसारखं "बरे आहेत" म्हणाले. ते खोटं नव्हतं. त्यांचा रक्तदाब, साखर सगळं ठीक आहे, आणि फोनवर ते दोन शब्द बोलून तो माझ्याकडेच देतात. पण तुम्ही दारात बॅगा घेऊन उभे राहाल आणि आबा माझ्याकडे वळून विचारतील, "बाई, हे कोण पाहुणे?" तेव्हा तुम्हाला ते पहिल्यांदा कळू नये, म्हणून आजच लिहायला बसले. बाबांना सांगा वाचून दाखवायला. मला हे इंग्रजीत लिहिता आलं असतं. मी नागपूरला मिशनच्या शाळेत इंग्रजीतूनच शिकले. पण दोन ओळी लिहून पाहिल्या, तर दुसऱ्याच कुणाच्या घरातली गोष्ट वाचते आहे असं वाटलं. कागद फाडला.

तुमचे आबा इंग्रजीचे मास्तर, हे तुम्हाला माहीत आहे. ते शिकवायचे कसे, हे तुम्ही पाहिलेलं नाही. गोंडपिपरीला, एटापल्लीला आणि शेवटी इथे ब्रह्मपुरीला त्यांनी दहावी-बारावीच्या मुलांकडून एकच गोष्ट घोटून घेतली. उतारा वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं शोधायची. इथल्या जंगलपट्ट्यातल्या मुलांना मराठीसुद्धा शाळेतच भेटते, घरी गोंडी किंवा माडिया. इंग्रजी म्हणजे तिसरा डोंगर. म्हणून त्यांनी सोपा नियम केला होता. आधी पेन खाली ठेवून उतारा वाच. मग प्रश्न वाच. मग ज्या ओळीत उत्तर आहे तिच्यावर बोट ठेव. "बोट ठेवाले जागा नाई, तर ते उत्तर नाई. पोटातलं काई लिहू नको," असं ते म्हणायचे.

फक्त शेवटच्या प्रश्नाला ते बोट उचलायला लावत. बोर्डाच्या पेपरात प्रत्येक उताऱ्याखाली एक प्रश्न असतो, त्याला पर्सनल रिस्पॉन्स म्हणतात. तुम्हाला काय वाटतं, तुम्ही काय केलं असतं, असं काहीतरी. मुलं तो गाइडमधून पाठ करतात. आबांना त्याचा फार राग. "साऱ्या वर्गाले एकच वाटते का रे? साऱ्याइचा बाप एकच हाय का?"

त्यांचं विसरणं हळू आलं. चष्मा, किल्ली, दूधवाल्याचे पैसे दोनदा देणं. नागपूरच्या डॉक्टरांनी स्कॅन पाहून मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की हे मागे फिरणार नाही, फार तर सावकाश जाईल. मी घरी येऊन कपाटांच्या दारांवर चिठ्ठ्या लावल्या, गोळ्यांची डबी वारांप्रमाणे भरली. मला वाटलं, घर नीट लावलेलं असलं की माणूस त्यात हरवणार नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आपल्या मागच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहायला आली. एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावाची. बारावीत बाकी सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत नापास. तिला नर्सिंगला जायचं होतं. त्यासाठी पुन्हा फॉर्म भरला होता. इंग्रजीचे मास्तर घरातच आहेत म्हटल्यावर ती दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन सपरीत, म्हणजे आपल्या पुढच्या पडवीत, येऊन उभी राहिली. आबांनी दुसरी खुर्ची ओढली. मला किती बरं वाटलं, काय सांगू. त्यांना काम मिळालं होतं.

ती मुलगी धडाधड वाचायची. आबा हात वर करून तिला थांबवत.

"इंग्रजी वाचून राह्यली का बस पकडून राह्यली?"

"सर, पेपरात वेळ पुरत नाई."

"वेळ पुरत नाई कारण तू दोनदा वाचते. एकदा घाईनं अन् एकदा रडत."

ती हसायची आणि हळू वाचायची. आबांचा आवाज तुम्हाला आठवतो ना? तसाच होता. समुद्रातल्या दीपगृहाच्या रखवालदाराबद्दल एक उतारा होता, तो वाचताना त्यांनी समुद्र समोर आणला. त्या मुलीने समुद्र पाहिलेला नाही, आणि खरं सांगायचं तर आबांनीही नाही.

मग दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच उतारा काढला. तिसऱ्या दिवशीही. दर वेळी म्हणत, "आज एक नवा उतारा सापडला, पहा." तीही वही उघडायची. रखवालदार एकटा का राहतो, या प्रश्नाला रोज पहिल्यांदाच भेटल्यासारखी ओळ शोधायची. एक दिवस माझ्याजवळ चुलीच्या खोलीत येऊन म्हणाली, "आजी, तो दिव्यावाला आता मले घरचाच मानूस वाटून राह्यला. पण पेपरात तो नाई आला तं?"

मी फाईलमधून तो उतारा काढून ठेवला आणि बाकीचे क्रमाने लावले. आबा दोन दिवस काहीतरी शोधत होते. काय शोधतोय हे त्यांना सांगता येत नव्हतं.

थंडीत, धानाची मळणी चालू असताना, एका संध्याकाळी ते माझ्याजवळ आले. मी तांदूळ निवडत होते. ते अगदी सभ्यपणे म्हणाले, "बाई, अंधार पडला. तुमच्या घरी वाट पाहत असतील. राहिलेलं काम उद्या करा."

शाळेच्या ऑफिसात उशिरापर्यंत थांबणाऱ्या एखाद्या बाईंशी ते बोलत होते.

माझं नाव ते विसरले, असं मी म्हणू शकत नाही, कारण नावाने त्यांनी मला कधी हाक मारलीच नाही. आमच्या इकडे त्या पिढीत तशी रीत नव्हती. "आयकून राह्यली का?" एवढीच माझी हाक. सगळ्या संसारात तेवढीच. त्या संध्याकाळपासून ती बंद झाली आणि "बाई" सुरू झालं. "बाई, पाणी मिळेल का." "बाई, तुम्हाला त्रास होतो माझ्यामुळे." इतक्या अदबीने ते माझ्याशी कधी वागले नव्हते. मी त्यांना समजावून सांगायची की मी कोण आहे. ते मान हलवायचे, "हो, हो" म्हणायचे, आणि भाजी वाढेपर्यंत पुन्हा बाई. त्यांनी मला एकदा तरी ओळखावं, मग पुढचं पुढे, एवढंच मला तेव्हा हवं होतं.

मुलीने हे सगळं पाहिलं होतं. एक दिवस ती म्हणाली, "आजी, सरले तोंडी सांगितलेलं राहत नाई. पण उताऱ्यातलं बरोब्बर सापडते. मंग आपण त्याइचाच उतारा करून देऊ काय?"

मला ते पटलं. तिने बसून, खोडून, पुन्हा लिहून इंग्रजीत एक उतारा तयार केला. तिचाही सराव झाला. उतारे नेहमी कुणा तिसऱ्याबद्दल असतात, तसा तिने तोही लिहिला. वैनगंगेजवळच्या एका गावात एक म्हातारे शिक्षक राहतात. त्यांनी खूप मुलांना शिकवलं. त्यांचा मुलगा परदेशात आहे, दोन नातवंडं आहेत, ती रविवारी फोन करतात. त्यांची बायको त्यांच्या शर्टांना इस्त्री करते आणि गोळ्या वेळेवर देते. शेवटचं वाक्य मी तिला सांगितलेलं नव्हतं. तिने आपल्या मनाने घातलं होतं की बायको दुःखी आहे, कारण ते तिला ओळखत नाहीत. मी त्या वाक्यावर पेन्सिल टेकवली आणि तशीच उचलली. राहू दिलं.

सकाळी तिने कागद पुढे केला. "सर, आज तुमी सोडवा. मी तपासतो."

आबांना गंमत वाटली. "मास्तरची परीक्षा! अन् फेल झालो तं?"

"तं पुढच्या साली पुन्हा फॉर्म भरा. मी नाई भरला का?"

ते मोठ्याने हसले. मी दाराच्या आत उभी होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि उतारा वाचला, मोठ्याने, सुरेख. मध्येच थांबून एक चूक दुरुस्त केली आणि म्हणाले, "लिहिणाऱ्याचं मन साफ आहे, भाषा कच्ची आहे." मग प्रश्न. शिक्षक कुठे राहतात? बोट ठेवलं, उत्तर दिलं. नातवंडं किती? बोट ठेवलं. बायको काय करते? इस्त्री, गोळ्या. बायको दुःखी का आहे? त्यांचं बोट खाली सरकत शेवटच्या ओळीवर गेलं. "बिकॉज ही डझ नॉट नो हर." पूर्ण बरोबर. माझे हात दाराच्या चौकटीवर होते.

मग शेवटचा प्रश्न. असे शिक्षक तुम्हाला माहीत आहेत का? तुम्हाला काय वाटतं?

"इथी बोट उचलाचं," ते तिला म्हणाले आणि बोट उचललं. बराच वेळ रस्त्याकडे पाहत बसले. मला वाटलं, आता. आता ते मागे वळून पाहतील.

त्यांनी उत्तर लिहिलं. तो कागद माझ्याजवळ आहे. अक्षर अजून वळणदार. मराठीत सांगायचं तर असं: "नाही, अशा शिक्षकांना मी ओळखत नाही. पण त्यांच्या पत्नीबद्दल मला वाईट वाटतं. कुणीतरी जाऊन त्यांना सांगायला हवं."

मुलगी लाल पेन हातात धरून बसून राहिली.

"मार्क दे ना. काऊन थांबली?"

तिने "पैकीच्या पैकी, सर" म्हणत मार्क लिहिले. ते खूश झाले, शर्टाची घडी नीट केली, आणि आत पाहून म्हणाले, "बाई, चहा जमेल काय? या पोरीलेही द्या, तिचा आवाज बसल्यासारखा वाटून राह्यला." मी चहा केला. दूध उतू गेलं, ते पुसलं, पुन्हा केला.

मी तरी सोडलं नाही. मला वाटलं, चूक त्या "शिक्षक" शब्दाची. दुसऱ्या दिवशी मी स्वतः कागद लिहिला. शिक्षक वगैरे काही नाही. तुम्ही. तुम्ही माझे पती आहात. मी तुमची बायको. आपण एटापल्लीला असताना पावसाळ्यात पूल वाहून गेला, तेव्हा माहेराहून परतताना मला घ्यायला तुम्ही नदीपर्यंत पायी आला होता. खाली तेच सोपे प्रश्न.

त्यांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या, थांबले आणि कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. जरा संकोचले होते.

"बाई, हा उतारा नाही. ही तुमची घरची चिठ्ठी दिसते. चुकून माझ्याकडे आली. मी पुढे वाचली नाही."

त्यानंतर मी कागद लिहिला नाही. कपाटांवरच्या चिठ्ठ्याही काढून टाकल्या. फक्त गोळ्यांची डबी तेवढी वारांप्रमाणे भरते.

मुलीची परीक्षा झाली. पेपर देऊन ती गावी गेली, कारण मोहफुलं वेचण्याचे दिवस होते आणि आईला पहाटे टोपली घेऊन जायला सोबत हवी होती. निकाल लागल्यावर पेढे घेऊन आली. इंग्रजीत पास झाली होती, काठावर नव्हे, चांगली पास. पेपरातल्या शेवटच्या प्रश्नाला गाइडमधलं काही लिहिलं नाही, मनातलं लिहिलं, असं तिने मला सांगितलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. ती आबांच्या पाया पडली.

"कोन्या शाळेची तू?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच, सर."

"बरं बरं. नाव कमव." त्यांनी पेढा खाल्ला. मग इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्यातली खुर्ची तिच्यासाठी ओढली. "उभी काऊन? बस. पुस्तक आणलं का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिची गडचिरोलीची बस तासाभरात होती, नर्सिंगच्या प्रवेशासाठी. तिने पिशवी खाली ठेवली, माझ्या फाईलमधून हाताला येईल तो कागद घेतला आणि बसली. मी आत गेले. बाहेरून त्यांचा आवाज ऐकू येत राहिला, आणि मध्येच तिचा.

म्हणून तुम्हाला सांगते. आल्या आल्या "आबा, मी कोण, ओळखा" असं विचारू नका. ते घाबरतात, आणि मग दिवसभर माफी मागत राहतात. गळ्यात पडू नका. तुमच्या शाळेचं इंग्रजीचं पुस्तक बॅगेत वरच ठेवा, सहज काढता येईल असं. सकाळी सपरीत ऊन आलं की त्यांच्यासमोर जाऊन उभे राहा आणि म्हणा, सर, हा धडा समजत नाही.

ते तुम्हाला ओळखणार नाहीत. मलाही ओळखत नाहीत. समोर कुणी पुस्तक घेऊन आलं, तर ते त्याला अजून बसायला सांगतात, आणि अजून शिकवतात.