फोनवरून ऐकलेली छाती

साठचं दशक संपत आलं होतं आणि नागपुरात फ्ल्यूची साथ होती. मेडिकलची वसतिगृहं रिकामी केली, तेव्हा माझी पुतणी वळकटी घेऊन सक्करदऱ्याला आमच्याकडे आली. ती भिवापूरची, माझ्या थोरल्या भावाची मुलगी. प्रॅक्टिकलमध्ये ती एकदा नापास झाली होती. रोग्याची छाती बोटानं वाजवून यकृताची वरची कड दाखवायची होती, आणि ती तिला सापडली नव्हती. भावानं स्पष्ट सांगितलं होतं की आणखी एकदाच बस, नापास झालीस तर घरी ये, स्थळं पाहू. वर्ग बंद झाले, पण परीक्षा पुढं गेली नव्हती.

मी पाणीपुरवठ्यात होतो. टाकीची पातळी कळवण्यासाठी घरी सरकारी फोन होता. पुतणीचे सर नुकतेच तापातून उठले होते आणि घराबाहेर पडत नव्हते. ज्या मुलांना कुठं फोन मिळू शकत होता, त्यांना ते रोज संध्याकाळी पाळीपाळीनं फोनवर शिकवत. मी आधी साहेबांची परवानगी काढली आणि टाकीच्या वेळेआधी फोन मोकळा पाहिजे, असं पुतणीला बजावलं. औषधं आणि लक्षणं तारेवरून शिकवता येतील, हे मला पटत होतं. छाती वाजवायला कशी शिकवणार, ते कळत नव्हतं.

सरांनी रोगी मागितला. रिकामा मीच होतो. सदरा काढून पलंगावर आडवा झालो. डाव्या हाताचं मधलं बोट छातीवर सपाट ठेवायचं आणि उजव्या हाताच्या बोटाच्या टोकानं त्यावर ठोका द्यायचा. आत हवा असेल तर आवाज पोकळ येतो, भरीव काही असेल तर बद्द. बायकोनं रिसीव्हरचं बोलायचं टोक माझ्या छातीशी धरलं. पुतणीनं आधी माझ्या पायांना हात लावला, मग वाजवू लागली.

"मटका घ्याले आल्यावानी वाजवून राहिली वं तू," बायको म्हणाली. "नीट पाह्य, चिरलेला असन."

आवाज वरपासून खालपर्यंत सारखाच येत होता, बद्द. पुतणीनं रिसीव्हर कानाला लावला. सरांचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

"ठोका दिल्यावर तुझं उजवं बोट तिथंच बसून राहतं. त्यानं आवाज मरतो."

मी वीतभर अंतरावरून तिचं बोट पाहत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. हा माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. त्याच्यापर्यंत फक्त टकटक पोचली होती.

"कोणाला वाजवते आहेस?"

"काकांना, सर."

मागच्या परीक्षेत रोगी कोण होता, ते सरांनी विचारलं. आजोबांच्या वयाचे एक गृहस्थ होते, असं तिनं सांगितलं.

"मोठ्या माणसावर हात उचलते आहेस असं तुला वाटतं," सर म्हणाले. "तू मारत नाहीस, विचारते आहेस. विचारलं की बोट उचल. उत्तर येऊ दे."

वॉर्डात ती नेहमी घोळक्याच्या मागं उभी राहायची. तिचा एकटीचा ठोका सरांनी त्या दिवसापर्यंत ऐकलाच नव्हता, असं तिनं नंतर सांगितलं.

"मार वं पोरी," मी म्हटलं. "मले काही होत नाही."

बायकोनं रिसीव्हर पुन्हा छातीशी धरला आणि पुतणी परत वरून निघाली. आवाज पोकळ, मोकळा येऊ लागला. एकेक फासळी उतरत ती खाली आली आणि एका जागी तो एकदम बद्द झाला. मलाही स्पष्ट कळलं. बायकोच्या हातातल्या रिसीव्हरमधून बारीक आवाज आला, "तिथंच."

तिनं पेनानं रेघ ओढली. मग सरांनी मला खोल श्वास घेऊन धरून ठेवायला सांगितलं. आता त्याच रेघेवर आवाज पोकळ आला, आणि यकृताबरोबर बद्द आवाज खाली सरकला. तिथं दुसरी रेघ ओढली. मी फूटपट्टी मागवली. दोन रेघांमध्ये दीड इंचाचं अंतर होतं. लोखंडी टाकीतली पातळी मी रोज मोजत होतो. माझ्या स्वतःच्या आत प्रत्येक श्वासाला एक पातळी खालीवर होते, हे चाळिशी उलटल्यावर मला कळलं. ते कळवणाऱ्या माणसाचं मी तोंडही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अंघोळीला मी त्या रेघांवर साबण लावला नाही.

साथ ओसरली आणि पुतणी वसतिगृहात परतली. पुढं कितीतरी दिवस संध्याकाळी फोन वाजला की माझा हात आधी सदऱ्याच्या गुंडीकडे जायचा.

परीक्षेच्या दिवशी ती तिथून सरळ आमच्याकडे आली. याही वेळी रोगी म्हातारेच होते. तिनं त्यांच्या पायांना हात लावला, तेव्हा परीक्षक हसले. मग तिनं वाजवलं.

"सापडली?" मी विचारलं.

"पहिल्याच खेपेले, काका," ती म्हणाली. "बोट उचललं अन् थांबली."

त्या रात्री मी भावाला लिहिलं की स्थळं पाहू नकोस.