नऊ पुरचुंड्या

सौंसरहून रोज बसने पांढुर्ण्याला येणारी एक मुलगी माझ्या वर्गात होती. बीएस्सीला गणितात पहिली मी यायची, ती मधेच कुठेतरी असायची. तरी माझ्या पोटात दुखायचं ते तिच्यामुळेच. वर्गात कुणाचं काही अडलं की सगळे तिच्याकडे जात, माझ्याकडे कुणी फिरकत नसे.

शेवटच्या वर्षी सरांनी प्रोजेक्ट दिला: कोड्यांनी मुलांना गणित कितपत कळतं, ते शाळेत जाऊन पाहायचं. ज्याचं कोडं सरस ठरेल, त्याने छिंदवाड्याच्या मोठ्या कॉलेजात ते मांडायचं. ते माझंच असणार हे मी घरी सांगूनही टाकलं होतं.

मोहगावच्या शाळेत सातवीचा वर्ग मिळाला. मी जादूचा चौरस नेला होता. रंगीत पुठ्ठा, सुबक आकडे, कुठूनही बेरीज करा, पंधराच. पोरांनी तो मुकाट्याने वहीत उतरवून घेतला. एकीने विचारलं, "ताई, हे परीक्षेत येते का?"

मग सौंसरवाली उठली. तिच्याकडे काय, तर जुन्या ओढणीच्या तुकड्यांत सरकी बांधून केलेल्या नऊ पुरचुंड्या आणि हँगरला दोन झाकणं टांगून केलेला तराजू. एका पुरचुंडीत सरकी किंचित कमी, हातावर कळणार नाही इतकी. दोनदाच तोलायचं आणि हलकी शोधायची. "आधी ठरवा, मंग तोला," एवढं बोलून ती चक्क फळ्याखाली मांडी घालून बसली. मला हसू आलं. शिकवायला आली की पंगतीला?

पण वर्गात नुसती भांडणं लागली. चार-चार ठेवा, नाही, दोन-दोन ठेवा. दोन वेण्यांची एक मुलगी तराजूकडेच बघत होती. ती एकदम म्हणाली, "जे तोललं नाई, ते बी काई तरी सांगतेच ना?"

"काय सांगते?" फळ्याखालून प्रश्न आला. ना ती बरोबर म्हणाली, ना चूक.

सरांनी खिशातून मोबाइल काढला. माझ्या पुठ्ठ्याचा त्यांनी एकही फोटो घेतला नव्हता. मला ते सहन झालं नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला त्या वेणीवाल्या पोरीचाही राग आला. तिच्या मागच्या बाकावरच्या पोरांजवळ मी वाकले आणि हळूच सांगितलं, "तीन इकडे, तीन तिकडे, तीन बाजूला. मग हलक्या निघालेल्या तिघींत एकेक करून तसंच."

मागची पोरं ओरडत तराजूकडे धावली. मिनिटभरात खेळ आटोपला. सरांनी मोबाइल खिशात ठेवला.

"फारच सोपं पडलं हे," ते म्हणाले.

"व्हय सर, माहा अंदाज चुकला," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

व्हरांड्यात सर मला म्हणाले, "छिंदवाड्याला तूच जा." आणि ते हेडमास्तरांकडे चहाला गेले. आता तरी पोटातलं दुखणं थांबेल असं वाटलं होतं. पण वर्गात परतले तर पुरचुंड्या पिशवीत भरायला पोरं तिच्याभोवतीच गोळा झाली होती आणि माझा पुठ्ठा मीच गुंडाळत होते.

तेवढ्यात ती वेणीवाली वही घेऊन तिच्याजवळ आली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

"ताई, आणखी एक द्या ना. पण या ताईले नका दाखवू. या सांगून देतात. मले येऊनच राहिलं होतं."

सौंसरवालीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन म्हणून थोडी थांबलीही. मी पुठ्ठा आणखी घट्ट गुंडाळला. मग तिने वही मांडीवर घेतली, माझ्या बाजूने डाव्या हाताचा आडोसा केला आणि लिहायला लागली.