रीत तपासणारे मास्तर

मनःशांतीच्या नावाखाली आमच्या मास्तरांनी जेवढी माणसं दुखावली, तेवढी जळगावातल्या एखाद्या भांडकुदळ माणसाने आयुष्यभर कंबर कसूनही दुखावली नसती. मास्तर म्हणजे माझे शेजारी आणि शाळेतले गणिताचे शिक्षक. उत्तर बरोबर पण रीत चूक असली की भोपळा द्यायचे. मी तो मुबलक खाल्ला आहे. सत्तर सालच्या आसपास ते निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांची बायको गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत रोज दुपारी ध्यानाचा वर्ग सुरू केला. फी नाही, गुरू नाही, फोटोला हार नाही. सतरंजीवर बसायचं, डोळे मिटायचे आणि तासभर आपल्या श्वासाकडे लक्ष द्यायचं.

आता बाहेर जळगावचा मे महिना आणि मास्तरांच्या खिडकीला ओला वाळ्याचा पडदा. वर्ग भरणारच! पंधरा-वीस माणसं जमू लागली. इतकं सुरळीत चाललेलं मास्तरांना कसं बघवणार? त्यांनी एकेकाला उभं करून विचारायला सुरुवात केली, "तुम्ही ध्यानाला का बसता?" कापडदुकानाचे मारवाडी शेठजी म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, ब्लडप्रेशर उतरेल." "मग दवाखान्यात बसा." नशिराबादच्या कॉलेजकुमाराला परीक्षेसाठी चित्त एकाग्र करायचं होतं. "मग अभ्यासाला बस." केळीच्या बागा असलेल्या नानांनी तर प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की घरी सून दुपारी घोरू देत नाही. त्यांना मास्तरांनी नीट चपला घालायलाही वेळ दिला नाही. मी गारव्यासाठी येतो हे त्यांनी न विचारताच ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी पडदाच उतरवला. "आता कळेल, खरा साधक कोण ते!"

कळलं. तापल्या पत्र्याखाली मास्तर, मी आणि अक्का असे तिघेच उरलो. मी उरलो, कारण मास्तरांसमोरून उठून जायची हिंमत मला पस्तिसाव्या वर्षीही नव्हती.

अक्का गल्लीच्या टोकाला राहायची, मूळची असोद्याची. तिचा तरणाताठा मुलगा वर्षापूर्वी विहिरीत बुडून गेला होता. ती यायची, भिंतीला टेकून पदर तोंडावर ओढायची आणि तासाभराने न बोलता निघून जायची. हिला तरी सोडा, असं मी मास्तरांना डोळ्यांनी विनवलं. पण ऐकतील तर ते मास्तर कसले?

"अक्का, तुम्ही का बसता?"

अक्काने तोंडावरचा पदर बाजूला केला. मग म्हणाली, "जो तो इचारतो, पोरगा कसा गेला. एक तुमच्या घरी कोनी मले काही इचारत नही, म्हनीसन येते, मास्तर."

इथे तरी माणसाने गप्प बसावं की नाही? मास्तर म्हणाले, "हे दुःखापासून पळ काढणं झालं, अक्का. ध्यान नव्हे."

अक्काने पदर सारखा केला आणि ती गेली, ती पुन्हा आली नाही. मास्तर दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आले. दाराआडूनच "बरी हाये" एवढं ऐकू आलं. पुढे ती लेकीकडे साक्रीला राहायला गेली.

मग मास्तरांनी पडदा पुन्हा लावला. शेठजींना, नानांना स्वतः जाऊन सांगितलं, कशासाठीही या, पण या. कोणी आलं नाही. मास्तर रोज पंधरा माणसांची सतरंजी अंथरायचे आणि डोळे उघडे ठेवून दाराकडे बघत बसायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. सगळ्यांना कारण विचारणाऱ्या या माणसाला त्याचं कारण कोणी विचारलंच नव्हतं. बायको गेल्यापासून त्या घरातली शांतता त्यांना एकट्याला सोसत नव्हती, ती वाटून घ्यायला माणसं हवी होती. आता ती सगळी एकट्याच्या वाट्याला आली.

एका दुपारी ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तिचं उत्तर बरोबर होतं रे. मी रीत तपासत बसलो."

पडदा सुकत आला होता. मी उठून त्यावर तांब्याभर पाणी मारलं आणि परत येऊन बसलो. भिंतीजवळची जागा आम्ही दोघांनीही मोकळी ठेवली होती.