मुराळ्यावाचून आखाजी

आम्हा नवरा-बायकोचं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे धाब्यावर माती टाकणं. जेठ सरत आला होता. आमच्या नशिराबादेत घराचं छत मातीचं. पावसाआधी त्यावर खारी माती पसरली नाही, तर घरात बसून भिजायची वेळ येते. मुलगा म्हणाला होता, आबा, मजूर लावू. तिने ऐकलं नाही. मजूर माती टाकतात, पण पायाने दाबत नाहीत, असं तिचं म्हणणं. तिने टोपल्या भरल्या, मी शिडीवरून वर ओतल्या, आणि मग ती स्वतःच वर चढून माती तुडवत फिरायला लागली.

मी खालून ओरडलो, "बुढे, पडशीन!"

ती म्हणाली, "पडनू ते तुमनाच आंगवर पडसू."

दुपारी भाकरी खाल्ली, जरा पडते म्हणाली आणि उठली नाही. तोंडावर कसला त्रास दिसत नव्हता. दिवस बुडायच्या आत सगळं आटोपलंसुद्धा.

घरी आलो तर ओट्यावर माणसं जमलेली. एक जण म्हणाला, "सुटली बिचारी." दुसरा म्हणाला, "हो, मोकळी झाली." तिसऱ्यानेही तशीच मान हलवली.

माझं डोकं सणकलं. मी विचारलं, "कशातून सुटली?"

शेजारचा म्हातारा नाना म्हणाला, "आता... संसारातून म्हन."

"संसारात मीच होतो. माह्यातून सुटली, असं सरळ म्हन ना मंग!"

सुनेने माझं कोपर धरलं आणि मला आत नेऊन बसवलं. बाहेर नाना म्हणत होता, "डोकं फिरलं बुढ्याचं." फिरलं नव्हतं. तो शब्द जिव्हारी लागला होता. दोनेक महिन्यांपूर्वी असल्याच एका शब्दावरून आमच्या घरात भांडण झालं होतं, आणि त्यातली एक गोष्ट मला अजून कळलेली नव्हती.

तो शब्द आणला आमच्या शेजारच्या बाबूने. बाबू जळगावच्या कचेरीत कारकून. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून पेपर वाचायचा. इंग्रज जाणार, जाणार, असं रोज चाललं होतं. मी मराठी दुसरी पास. मोठं अक्षर तेवढं वाचतो, म्हणून त्याच्या तोंडून ऐकायचो. वाचता वाचता तो मध्येच इंग्रजीत शिरायचा आणि फ्रीडम, फ्रीडम करायचा. ती आत भाकरी थापत असायची. एक दिवस तिने चुलीपासूनच विचारलं, "बाबू, ते फ्रीडम काय शे?"

ती पारोळ्याकडची. चाळीस वर्षं माझ्याकडे काढली, पण तिचं 'शे' काही सुटलं नाही.

बाबू म्हणाला, "अक्का, फ्रीडम म्हणजे स्वातंत्र्य."

"ते भी मोठंच शे. लीसन करतस काय त्यानं?"

घेऊन त्याचं करतात काय, हा प्रश्न बाबूला कचेरीत कोणी विचारला नसावा. त्याने चष्मा काढला, पुसला. म्हणाला, "असं बघा अक्का. वाटेल तिथं जावं, वाटेल तेव्हा परत यावं. कोणी अडवायचं नाही, कोणी हाकलायचं नाही."

"आते समजनं," ती म्हणाली. "आखाजी."

बाबू खो खो हसला. मला हसू आलं नाही, कारण मला ते पटलं.

आमच्या बोलण्यात एवढा मोठा शब्द कधी नव्हताच. बैल सुटायचे, शाळा सुटायची, बाळंतीण मोकळी व्हायची. मी जवानीत सालदार होतो, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा गडी. आमचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, संपायचं. त्या दिवशी जुना मालक माझा नाही, नवा अजून ठरलेला नाही. सकाळी उठलो की कोणी हाक मारायचं नाही. मी पारावर पत्ते कुटत बसायचो, आणि दुपार झाली की पत्ते टाकून मालकांच्या ओट्यांवर चकरा मारायला लागायचो. उद्या कोणी ठेवून घेतलंच नाही तर? बाबू ज्याच्यासाठी पेपर वाचायचा, ते मी दर साली एक दिवस भोगलेलं आहे. गोड असतं, पण दिवसभर पुरत नाही.

बायांची आखाजी याहून मोठी. लेकी माहेरी यायच्या, निंबाला झोके बांधायच्या, मनात येईल ते गायच्या, सासूच्या नावाने शिव्यासुद्धा गायच्या आणि कोणी काही बोलायचं नाही. पण त्यासाठी माहेरचा माणूस न्यायला यावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर बाई सासरीच. हिचे दोन्ही भाऊ वारले, तेव्हापासून मुराळी बंद. मागे राहिली म्हातारी भावजय. ती कोणाला धाडणार? हीसुद्धा त्यावर काही बोलायची नाही. आखाजीला पितरांची घागर भरायची, सांजोऱ्या तळायची, आणि गावच्या पोरी झोक्यावर ओरडायला लागल्या की दार लोटून घ्यायची.

बाबूने ते सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ही म्हणाली, "यंदा मी जासू. एकली."

"न बोलावता? अन या वयात? लोकं म्हनतीन, बुढ्याने हाकलून देल्ली."

"म्हनू द्या. तो बाबू रोज वाचस, कोनी अडवाले नको. तुमी रोज मान हालावतस."

"मान मी इंग्रजासाठी हालवतो. तुह्यासाठी नाही."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी मात्र खरंच बोललो होतो. दोन दिवस आम्ही एकमेकांशी नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने गाठोडं बांधलं. मी मुकाट्याने टांगा आणला आणि जळगावच्या मोटार अड्ड्यावर तिला पारोळ्याच्या मोटारीत बसवलं. विचारलं, "घ्यायला कधी येऊ?"

"कोनी येवानं काम नही."

"मंग येशीन कधी?"

ती खिडकीतून म्हणाली, "काय माहीत?" आणि मोटार सुटली.

घरी सून होती, जेवणाचे हाल नव्हते. पण रस्त्यात जो भेटेल तो विचारायचा, आबा, अक्का दिसत नाही? मी म्हणायचो, फ्रीडमला गेली. लोकांना वाटलं फ्रीडम नावाचं गाव आहे कुठेतरी. मुलगा म्हणाला, मी जाऊन घेऊन येतो. मी त्याला बसवलं. म्हटलं, घ्यायला गेलास तर तंगडी तोडीन.

मला वाटलं होतं, आठ-पंधरा दिवस तरी राहील. आखाजी झाली आणि दुसऱ्याच दिवशी भर दुपारी ही दारात उभी, घामाने चिंब, कमरेवर एक डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज.

"एवढ्या लवकर?"

"उनू," ती म्हणाली. आले. बस, एवढंच. डांगर कापलं, सगळ्यांना फोडी दिल्या आणि भाकरीचं पीठ चाळायला बसली.

का आली, ते सांगितलं नाही. मला वाटलं भावजयीशी वाजलं असेल. कधी वाटलं, माझी कीव आली असेल. मी तोंडाचा फाटका माणूस, गावात कोणालाही काहीही विचारतो. पण हे काही विचारवलं नाही. म्हटलं, पावसाळ्यात बसल्या बसल्या निघेल विषय.

आणि आता लोक म्हणत होते, सुटली.

सकाळी उजाडताच मी डोक्याला फडकं गुंडाळलं. मुलगा आडवा आला, "आबा, सुतक आहे. कुठे निघाले?"

"सुतक माह्यं आहे. माह्यासंगं येईन ते."

पहिली मोटार पकडली आणि पारोळ्याला उतरलो. तिची भावजय ओट्यावर डाळ निवडत होती. मला एकट्याला बघूनच तिला समजलं. सूप बाजूला सरकवून तिने गळा काढला, आजूबाजूच्या बाया आल्या, त्याही रडल्या. मी तेवढा वेळ बसून राहिलो. रडणं ओसरलं तसं मी विचारलं, "आखाजीला ती लवकर का निघाली? तुमचं काही वाजलं होतं?"

"तिनासंगे कोन भांडी, पाव्हना?" तिने पदराने नाक पुसलं. "आम्ही म्हंतूत, पंधरा दिन ऱ्हाय. झोकावर बसनी, पोरीस्ना आगे गाना म्हनात. दुसरा दिन सकायमा उठनी नि म्हने, मनं व्हयनं. आते मी घर जास." माझं झालं, आता घरी जाते.

"माह्यासाठी जाते, असं काही म्हनली?"

"नही. तुमनं ते नाव भी नही काढं."

मला एकदम बरं वाटलं. कोणाशी वाजलं नव्हतं, कोणाची कीवही आली नव्हती; वाटलं म्हणून गेली, वाटलं तेव्हा परत आली. बाया माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या, कारण मी हसत होतो. भावजयीने आत जाऊन भाकरी आणि कांदा आणला, पण सुतकातल्या माणसाला द्यावा की नाही म्हणून दारातच थबकली. मी हात पुढे केला, भाकरी घेतली, मोडली आणि खायला लागलो.